परदेशी निसर्गस्थळांवरील जुने साहसी बालचित्रपट आणि सातपुड्याचा परिसर

१. प्रस्तावना

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दोन दशकांत इंग्लंड, अमेरिका व फ्रान्स या देशांत मुलांसाठी निघणाऱ्या साहसपटांना बहर आला. आल्प्सची हिमशिखरे, ऑस्ट्रेलियातील राने, कॅरिबियन समुद्रातील बेटे, फ्रान्सच्या दक्षिणेकडील दलदलीचा प्रदेश अशा दूरदेशीच्या रम्य स्थळी या कथा घडत. शहरात वाढणाऱ्या मुलाला घरबसल्या जगाची सफर घडविणे हा त्यांचा एक हेतू होता आणि तो त्यांनी बऱ्याच अंशी साध्यही केला. आज हे चित्रपट जुने झाले असले, तरी भूगोल, साहित्य आणि समाजशास्त्र या तिन्ही विषयांच्या अध्यापकांना त्यांत विचार करण्याजोगे पुष्कळ आहे.

या परंपरेचा विचार करताना एक बाब सहसा नजरेतून सुटते. लंडनच्या किंवा न्यूयॉर्कच्या बालप्रेक्षकाला जी भूमी परकी व रम्य वाटत होती, तीत भारतभूमीचाही समावेश होता. बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर जो सातपुडा उभा आहे, तीच पर्वतरांग जगभर गाजलेल्या एका बालसाहसकथेचे स्थळ आहे. तथापि या कथेवरील गाजलेले चित्रपट सातपुड्यात चित्रित झाले नाहीत. एखादे स्थळ 'परदेशी' ठरते ते कोणाच्या दृष्टीने, आणि त्या स्थळी राहणाऱ्या मुलाला त्या कथेत कोणते स्थान मिळते, या दोन प्रश्नांचा उलगडा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

२. साहसी बालचित्रपटाची घडण

इंग्लंडमध्ये शनिवारी सकाळी मुलांसाठी स्वतंत्र खेळ लावण्याची प्रथा होती. या खेळांसाठी खास चित्रपट तयार व्हावेत म्हणून रँक या चित्रसंस्थेने १९४४ च्या सुमारास मेरी फील्ड यांच्या नेतृत्वाखाली एक विभाग सुरू केला. पुढे १९५१ मध्ये 'चिल्ड्रन्स फिल्म फाउंडेशन' ही संस्था स्थापन झाली. चित्रपटगृहांच्या तिकीटविक्रीवरील अधिभारातून तिला निधी मिळत असे. म्हणजे मुलांचे चित्रपट केवळ बाजाराच्या भरवशावर चालत नाहीत, त्यांना वेगळी आर्थिक तरतूद लागते, हे तेथे आरंभीच ओळखले गेले होते.

परदेशी स्थळांच्या निवडीमागे सौंदर्यदृष्टीबरोबर अर्थकारणही होते. युद्धोत्तर काळात ब्रिटनने परकीय चलनावर निर्बंध घातल्यामुळे अमेरिकन कंपन्यांना तेथील उत्पन्न मायदेशी नेता येत नव्हते. अडकून पडलेला हा पैसा तेथेच खर्च करावा या विचारातून वॉल्ट डिस्ने यांनी 'ट्रेझर आयलंड' (१९५०) हा चित्रपट इंग्लंडमध्ये तयार केला. दूरदेशीचे दृश्य पडद्यावर येण्यास अशा व्यावहारिक बाबीही कारणीभूत होत असतात.

या चित्रपटांच्या कथानकाची घडण बरीचशी ठरलेली असते. मोठी माणसे काही कारणाने दूर गेलेली असतात किंवा असून नसल्यासारखी असतात. चोर, तस्कर किंवा निसर्गाचा कोप अशा संकटाशी मुलांचा सामना होतो. बळापेक्षा परिसराचे ज्ञान येथे निर्णायक ठरते. वाट कोठून जाते, पाणी कोठे मिळेल, काय खावे व काय टाळावे हे ज्याला ठाऊक असते तोच तरतो. राल्फ स्मार्ट दिग्दर्शित 'बुश ख्रिसमस' (१९४७) हा या प्रकाराचा ठळक नमुना आहे. ऑस्ट्रेलियात घोडेचोरांच्या मागावर निघालेल्या मुलांमध्ये तेथील आदिवासी समाजाचा एक मुलगा आहे. अन्न संपल्यावर रानात काय खाता येते हे तोच इतरांना दाखवितो. कथेतील सर्वांत मोलाचे ज्ञान त्याच्याजवळ आहे. कथा मात्र त्याची नाही. ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

३. स्थळाच्या वापराचे तीन प्रकार

या चित्रपटांतील स्थळांचा विचार केल्यास ढोबळमानाने तीन प्रकार संभवतात.

पहिला प्रकार म्हणजे स्वस्थळ. कथा जेथे घडते तेथेच चित्रीकरण झालेले असते. डिस्ने यांच्या 'थर्ड मॅन ऑन द माउंटन' (१९५९) या चित्रपटात शिखराचे नाव काल्पनिक असले, तरी स्वित्झर्लंडमधील झेरमाट हे गाव आणि मॅटरहॉर्न हे शिखर प्रत्यक्ष दिसते. आल्बेर लामोरिस यांच्या 'व्हाइट मेन' (१९५३) या फ्रेंच लघुपटात कामार्ग प्रदेशातील दलदल, वारा आणि मोकाट पांढरे घोडे यांखेरीज दुसरी सजावट जवळजवळ नाही. या दोन्ही चित्रपटांचे नायक स्थानिक आहेत. एक वाटाड्याचा मुलगा आहे, तर दुसरा मासेमारी करणारा मुलगा आहे.

दुसरा प्रकार पर्यायी स्थळाचा. येथे एका स्थळाऐवजी दुसरे स्थळ दाखविले जाते. 'स्विस फॅमिली रॉबिन्सन' (१९६०) मधील कुटुंब न्यू गिनीकडे निघालेले असताना त्याचे जहाज फुटते आणि ते एका बेटावर अडकते. चित्रीकरण झाले ते कॅरिबियन समुद्रातील टोबॅगो बेटावर. या एकाच बेटावर हत्ती, वाघ, झेब्रा आणि शहामृग एकत्र नांदताना दिसतात. प्राणिभूगोलाच्या दृष्टीने हे सर्वथा अशक्य आहे. परंतु कथेतील कुटुंब बाहेरून आलेले असून बेटाला स्वतःचा असा रहिवासी नसल्याने या विसंगतीकडे बोट दाखविणारे कथेत कोणी उरत नाही.

तिसरा प्रकार निर्मित स्थळाचा. ज्यूल व्हर्न यांच्या कादंबरीवरील 'इन सर्च ऑफ द कास्टअवेज' (१९६२) मध्ये अँडीज पर्वतापासून न्यूझीलंडपर्यंतचा प्रवास आहे. त्याचा बहुतांश भाग इंग्लंडमधील पाइनवुड कलागृहात, रंगविलेल्या पार्श्वभूमीच्या साहाय्याने उभा केला गेला.

वरील उदाहरणांवरून एक सूत्र हाती लागते. कथेचा नायक त्या भूमीचा असेल तर भूमीचे चित्रण प्रामाणिक राहण्याची शक्यता वाढते. नायक पाहुणा असेल तर भूमी ही सजावट बनते आणि सजावटीत हवे ते बदल करण्यास कोणाची आडकाठी नसते. हे सूत्र निरपवाद नाही. परंतु भारतावरील चित्रपटांचे आकलन होण्यास ते उपयुक्त आहे.

४. परदेशात उभारलेला सातपुडा

रुडयार्ड किपलिंग यांची दोन 'जंगल बुके' १८९४ व १८९५ साली प्रसिद्ध झाली. त्यांचे लेखन प्रामुख्याने अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात झाले. मोगलीचा कळप ज्या 'सिओनी'च्या डोंगरांत राहतो, ते डोंगर म्हणजे मध्य प्रदेशातील सिवनी परिसर आणि कथेतील नदी म्हणजे वैनगंगा होय. सिवनी हा सातपुडा पर्वतराजीचा भाग असून वैनगंगा पुढे विदर्भात उतरते. किपलिंग यांना या जंगलाचा प्रत्यक्ष परिचय नव्हता. रॉबर्ट स्टर्नडेल यांनी सातपुड्यातील मुक्कामांवर लिहिलेल्या १८७७ सालच्या पुस्तकाचा त्यांना उपयोग झाला, असे अभ्यासक मानतात. अशा रीतीने जगभरच्या मुलांना परिचित झालेला सातपुडा मुळातच वाचनातून आणि कल्पनेतून घडलेला होता.

किपलिंग यांच्या कथेवरील पहिला गाजलेला बालसाहसपट म्हणजे 'एलिफंट बॉय' (१९३७). मूळ कथा गारो टेकड्यांच्या परिसरातील आहे. परंतु रॉबर्ट फ्लाहर्टी यांनी बाह्यचित्रीकरण मैसूर संस्थानात केले आणि उर्वरित भाग झोल्टान कोर्डा यांनी इंग्लंडमधील डेनम कलागृहात पूर्ण केला. व्हेनिस महोत्सवात या चित्रपटाला दिग्दर्शनाचे पारितोषिक मिळाले. नायकाच्या भूमिकेसाठी निवडलेला साबू हा मैसूर महाराजांच्या पदरी असलेल्या माहुताचा मुलगा होता. त्याचा जन्म १९२४ साली कारापूर येथे झाला. हत्तीवर सहजपणे वावरणारा हा मुलगा हेच चित्रपटाचे खरे बळ ठरले. स्थळ पर्यायी असले तरी मुलगा आणि हत्ती यांचे नाते अस्सल होते.

यानंतर पाच वर्षांनी त्याच साबूला मोगलीच्या भूमिकेत घेऊन झोल्टान कोर्डा यांनी 'जंगल बुक' (१९४२) काढला. महायुद्धामुळे निर्मिती अमेरिकेत हलली होती आणि सातपुड्याचे जंगल कॅलिफोर्नियात उभारावे लागले. अस्सल भारतीय मुलगा आणि नकली भारतीय अरण्य असा हा विलक्षण संयोग होता. साबू पुढे अमेरिकेचा नागरिक झाला, त्याने तेथील हवाई दलात युद्धसेवा केली आणि १९६३ मध्ये वयाच्या अवघ्या ३९ व्या वर्षी त्याचे निधन झाले. पडद्यावर मात्र तो बराच काळ जंगलचा मुलगाच राहिला. त्याला मिळालेल्या भूमिका बहुतांशी त्याच साच्यातील होत्या.

१९६७ चा डिस्ने यांचा 'जंगल बुक' रेखाटनांतून साकार झाला. १९९४ च्या चित्रपटाचे काही चित्रीकरण भारतात झाले, परंतु ते जोधपूर येथे. २०१६ च्या चित्रपटात तर एका मुलाखेरीज जवळजवळ सर्व दृश्यसृष्टी संगणकावर निर्माण केलेली होती आणि चित्रीकरण लॉस एंजेलिस येथील कलागृहात झाले. महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतील एका पिढीला मोगली परिचित झाला तो १९९३ च्या सुमारास दूरदर्शनवर हिंदीतून दाखविल्या गेलेल्या जपानी चित्रमालिकेमुळे. संग्रामपूर किंवा जळगाव जामोद तालुक्यातील मूल ज्या डोंगराच्या पायथ्याशी राहते, त्याच पर्वतराजीतील कथा त्याने जपानी चित्रकारांच्या कुंचल्यातून पाहिली. स्वतःच्या अंगणातील डोंगर परदेशी होऊन परत येण्याचे यापेक्षा बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

५. भारतीय बालचित्रपट आणि स्वदेशी स्थळे

स्वातंत्र्यानंतर मुलांसाठी स्वतंत्र चित्रपटांची गरज ओळखून १९५५ साली बालचित्र समितीची स्थापना झाली. केदार शर्मा दिग्दर्शित 'जलदीप' (१९५६) या तिच्या आरंभीच्या चित्रपटाला १९५७ साली व्हेनिस येथील बालचित्रपट महोत्सवात पारितोषिक मिळाले. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या 'हमारा घर' (१९६४) मध्ये बेटावर अडकलेल्या मुलांची कथा राष्ट्रीय एकात्मतेच्या अंगाने मांडली गेली. सई परांजपे यांनीही समितीसाठी 'जादू का शंख' व 'सिकंदर' हे चित्रपट केले. २०२२ मध्ये ही संस्था राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली.

स्वदेशी स्थळाचा अर्थपूर्ण वापर पाहावयाचा असल्यास सत्यजित राय यांचा 'सोनार केल्ला' (१९७४) अभ्यासावा. पश्चिम बंगाल शासनाने निर्मिलेल्या या चित्रपटात पूर्वजन्म आठवणाऱ्या कोलकात्याच्या मुलाच्या निमित्ताने कथा राजस्थानात जाते आणि जैसलमेरच्या पिवळ्या दगडाच्या किल्ल्यापाशी पोहोचते. तेथील दगडाचा रंग हाच रहस्याचा दुवा आहे. ही कथा दुसऱ्या किल्ल्यावर हलविता येणार नाही. चित्रपटानंतर जैसलमेरकडे बंगाली पर्यटकांचा ओघ वाढला, ही बाबही सर्वश्रुत आहे. परदेशी न जाताही प्रेक्षकाला अपरिचित भूमीचा विस्मय देता येतो, हे या चित्रपटाने सिद्ध केले.

मराठीत साहसकथेची परंपरा ग्रंथरूपाने समृद्ध आहे. भा. रा. भागवत यांनी ज्यूल व्हर्न यांच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या आणि त्याच वेळी फुरसुंगीच्या बन्याला, म्हणजे फास्टर फेणेला, मराठी मातीतला साहसवीर केले. परकीय साहसकथेचे बी देशी भूमीत कसे रुजवावे, याचा हा वस्तुपाठच होय. मराठी बालचित्रपटाने 'श्यामची आई' (१९५३) पासून 'टिंग्या' (२००८) व 'किल्ला' (२०१४) पर्यंत बालमनाचे भावविश्व उत्कटतेने रंगविले. 'टिंग्या'तील जुन्नरचा परिसर आणि 'किल्ला'मधील कोकण यांना त्या कथांत निश्चित अर्थ आहे. परंतु परिसराच्या ज्ञानावर बेतलेली साहसपटाची शाखा मात्र मराठीत कृशच राहिली. मारुती चितमपल्ली यांच्या लेखनात मेळघाटासह विदर्भाचे अरण्य जेवढ्या तपशिलाने आले आहे, तेवढ्या तपशिलाने ते मुलांच्या पडद्यावर आलेले नाही.

६. बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात

साहसपटाला लागणारी सामग्री या जिल्ह्यात विपुल आहे. दक्षिणेस लोणारचे सरोवर आहे. बेसाल्ट खडकात उल्कापाताने निर्माण झालेल्या या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर असून त्याचे पाणी खारट व अल्कधर्मी आहे. १८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. लोककथेने मात्र त्यापूर्वीच त्याला लवणासुराच्या वधाची कथा जोडली होती आणि दैत्यसूदन मंदिर त्या कथेची साक्ष देत उभे होते. जून २०२० मध्ये या सरोवराचे पाणी गुलाबी झाले. क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे हा बदल घडल्याचे तपासणीत आढळून आले. त्याच वर्षी सरोवराला रामसर पाणथळ क्षेत्राचा दर्जा मिळाला. एखाद्या पटकथाकाराने कल्पिले असते तर अतिरंजित वाटले असते, असे हे वास्तव आहे.

दुसरे उदाहरण ज्ञानगंगा अभयारण्याचे. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून २०१९ च्या जूनमध्ये एक तरुण वाघ बाहेर पडला. गळ्यात रेडिओ कॉलर असल्यामुळे त्याच्या प्रवासाची नोंद होत होती. शेते, ओढे, रस्ते ओलांडत, तेलंगणात शिरून पुन्हा महाराष्ट्रात येत, सुमारे १,३०० किलोमीटरचे अंतर कापून तो डिसेंबर २०१९ मध्ये ज्ञानगंगेत पोहोचला. हा सारा प्रवास ज्या गावांच्या शिवारांतून झाला, तेथील मुलांच्या दृष्टीने ती स्वतःच्या भूगोलाची कथा आहे.

तिसरे उदाहरण सर्वांत महत्त्वाचे आहे. जिल्ह्याच्या उत्तरेस, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या जळगाव जामोद परिसरात आणि लगतच्या भागांत निहाली ही भाषा बोलली जाते. भाषाशास्त्रज्ञांच्या मते ती ज्ञात असलेल्या कोणत्याही भाषाकुलात बसत नाही. डच पंडित कायपर यांनी १९६२ साली तिच्यावर स्वतंत्र अभ्यासग्रंथ प्रसिद्ध केला. आज ती बोलणारे लोक मोजक्या काही हजारांच्या संख्येत उरले आहेत. शेजारच्याच कोरकू भाषेचे नाते मुंडा भाषाकुलाशी आहे. 'जंगल बुक'वरील चित्रपटांत सातपुड्यातील लांडगे, अस्वल आणि वाघ अस्खलित इंग्रजी बोलतात. त्या पर्वतराजीत राहणाऱ्या मुलांच्या भाषा मात्र त्या पडद्यावर ऐकू येत नाहीत. 'बुश ख्रिसमस'मधील आदिवासी मुलाप्रमाणे त्यांच्याजवळही झाडपाला, पाणी, पाऊलखुणा यांचे ज्ञान आहे. ते ज्ञान ज्या शब्दांत साठविलेले आहे ते शब्द नाहीसे झाले तर ज्ञानाचाही मोठा अंश नाहीसा होईल. जुन्या साहसपटांचा विषय येथे मनोरंजनाच्या कक्षेबाहेर जातो.

७. महाविद्यालयीन अध्यापनातील उपयोग

या चित्रपटांचा उपयोग वर्गात सहज करता येतो. प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ५२ अन्वये शैक्षणिक संस्थेच्या उपक्रमाचा भाग म्हणून, प्रेक्षकवर्ग विद्यार्थी, अध्यापक, पालक व संस्थेच्या उपक्रमांशी संबंधित व्यक्ती एवढ्यापुरता मर्यादित ठेवून चित्रपट दाखविण्यास मुभा आहे. प्रदर्शनानंतर पुढील तीन प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवता येतील.

पहिला प्रश्न स्थळाचा. कथा कोठे घडते आणि चित्रीकरण कोठे झाले? नकाशा व वनस्पती-प्राण्यांची माहिती हाती घेऊन दोहोंतील अंतर विद्यार्थ्यांनीच शोधावे. 'स्विस फॅमिली रॉबिन्सन'मधील प्राण्यांची यादी करून प्रत्येकाचा मूळ खंड नोंदविण्याचा पाठ भूगोलाच्या वर्गाला पुरेसा आहे.

दुसरा प्रश्न ज्ञानाचा. संकटातून सुटका कोणाच्या माहितीमुळे होते आणि शेवटी श्रेय कोणाला मिळते? साहित्य व समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना यातून वसाहतकालीन दृष्टिकोनाची ओळख पारिभाषिक शब्दांच्या ओझ्याविना होऊ शकते.

तिसरा प्रश्न स्वतःच्या परिसराचा. हीच कथा आपल्या तालुक्यात घडली असती तर तिचा नायक कोण असता, तो कोणती भाषा बोलला असता आणि परिसरातील कोणत्या माहितीमुळे तो तरला असता? राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात या प्रश्नाला प्रत्यक्ष कामाची जोड देता येईल. भ्रमणध्वनीच्या साहाय्याने चित्रीकरण व ध्वनिमुद्रण आज खेड्यातही शक्य आहे. पायथ्याच्या गावांतील ज्येष्ठांकडून झाडांची, वाटांची, पाणवठ्यांची नावे त्यांच्याच भाषेत त्यांच्या संमतीने नोंदवून ठेवली, तर चित्रपट झाला नाही तरी नोंद राहील. हे काम करताना निहाली किंवा कोरकू बोलणारे विद्यार्थी सोबत असल्यास त्यांच्याकडे माहिती देणाऱ्याचे नव्हे, तर अभ्यासकाचे स्थान असावे. अन्यथा जुन्या साहसपटांतील वाटाड्याची भूमिकाच त्यांच्या वाट्याला पुन्हा येईल.

८. समारोप

जुन्या साहसी बालचित्रपटांनी मुलांच्या मनात जगाविषयी कुतूहल जागविले, हे त्यांचे ऋण मान्य करावेच लागेल. कोणतीही भूमी मुळात परदेशी नसते, पाहणारा कोठे उभा आहे यावर ते ठरते, हेही त्यांच्या अभ्यासातून ध्यानी येते. झेरमाटच्या मुलाला मॅटरहॉर्न हा घराच्या खिडकीतून दिसणारा डोंगर असतो, आणि जामोदच्या मुलाला सातपुडा. पहिल्याची कथा त्याच्या डोंगरावर चित्रित झाली. दुसऱ्याच्या पर्वतराजीतील कथा कॅलिफोर्नियात, जपानमध्ये आणि संगणकावर घडविली गेली. चांगला साहसपट मुलाला सांगतो की, तुझ्या परिसराविषयी तुला जे ठाऊक आहे ते मोलाचे आहे. सातपुड्याच्या मुलांना हे अद्याप त्यांच्या भाषेत कोणी सांगितलेले नाही. चित्रपट निर्माण करणे महाविद्यालयांच्या आवाक्यात नसेल. परंतु त्या ज्ञानाची नोंद करणे आणि त्याचे श्रेय ज्याचे त्याला देणे निश्चितच आवाक्यात आहे. निहालीसारख्या भाषेच्या बाबतीत ते काम पुढे ढकलण्यासारखी स्थिती आता राहिलेली नाही.